कॅटेगरी थिअरीचा कोर्स तिसऱ्या वर्षी घ्यावा का?

प्रश्न: मॅडम, मी मूळची सांगलीची असून सध्या एका विज्ञान संस्थेत बीएस-एमएसच्या तिसऱ्या वर्षात शिकत आहे. गणित हा माझा मुख्य विषय आहे. लिनिअर अल्जिब्रा, रिअल अ‍ॅनालिसिस आणि ग्रुप थिअरी हे कोर्स झाले आहेत, रिंग्ज चालू आहे. पुढच्या सत्रात ऐच्छिक विषयासाठी माझ्याकडे एकच जागा उरते आणि टोपॉलॉजी घ्यावी की कॅटेगरी थिअरी, हे मला ठरवता येत नाही. टोपॉलॉजी दरवर्षी असते. कॅटेगरी थिअरी पुन्हा केव्हा असेल ते कोणी सांगू शकत नाही. माहितीपत्रकात पूर्वअट म्हणून केवळ ‘गणिती परिपक्वता’ एवढेच लिहिले आहे. सीनियर म्हणतात, आधुनिक गणिताला याशिवाय गत्यंतर नाही. एक सर म्हणतात, आत्ता घेतलास तर वेळ वाया जाईल. मला पुढे अल्जिब्रेक जॉमेट्रीत पीएचडी करण्याची इच्छा आहे. हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषाही थोडीफार येते. ग्रेड घसरेल का, प्रवेश परीक्षांना याचा फायदा होईल का, आणि ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्या बाबांना काय सांगावे, हेही कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: नोंदणीची मुदत जवळ आली असेल, म्हणून निर्णय आधी सांगते आणि कारणे मागाहून. पुढच्या सत्रातली ती एकुलती एक जागा टोपॉलॉजीला, म्हणजे अवकाश आणि सततपणा यांच्या अभ्यासाला, दे. कॅटेगरी थिअरीच्या वर्गात श्रेयांकाविना, ऑडिट म्हणून, झेपेल तितके दिवस बस, आणि त्या विषयाचा रीतसर अभ्यास मॉड्यूल्स (व्हेक्टर स्पेससारख्याच, पण रिंगवर उभ्या रचना) व थोडी अल्जिब्रेक टोपॉलॉजी झाल्यानंतर कर. हा निर्णय तुझ्या सरांच्या मताशी जुळत असला, तरी वेळ वाया जाईल हे त्यांचे कारण मला पटत नाही. सीनियरांचे म्हणणे चुकीचे नाही, फक्त ते तुझ्या आजच्या तयारीला लागू पडत नाही.

कॅटेगरी थिअरी म्हणजे गणितातल्या वस्तूंकडे त्यांच्यामधल्या मॅपांमधून, म्हणजे बाणांमधून, पाहण्याचा विषय. हा विषय कोणत्या गरजेतून निघाला ते पाहिले की तो केव्हा शिकावा, याचे निम्मे उत्तर मिळते. १९४१ साली सॉन्डर्स मॅक्लेन यांनी मिशिगन विद्यापीठात ग्रुप एक्स्टेन्शन्स या विषयावर व्याख्याने दिली. त्या वेळी तिथेच शिकवत असलेले सॅम्युएल आयलेनबर्ग हे दोन वर्षांपूर्वी पोलंडहून आलेले टोपॉलॉजिस्ट होते. मॅक्लेन यांनी निव्वळ बीजगणिताने काढलेले एक उत्तर आणि नॉर्मन स्टीनरॉड यांनी सोलेनॉइड नावाच्या एका चमत्कारिक अवकाशाची होमॉलॉजी (अवकाशाचा आकार बीजगणिताने टिपणारे ग्रुप) काढताना मिळवलेले उत्तर ही दोन्ही जुळतात, हे आयलेनबर्ग यांच्या लक्षात आले. एकमेकांशी वरकरणी काहीही संबंध नसलेली दोन गणिते एकाच उत्तरावर का यावीत, याचा छडा लावण्याच्या खटपटीतून दोघांचे १९४२ चे लेख झाले, आणि त्याच कामाच्या ओघात १९४५ साली कॅटेगरीची सर्वसाधारण व्याख्या छापून आली. म्हणजे ज्यांनी हा विषय निर्माण केला त्यांच्या हातात आधी दोन पूर्ण केलेली, घाम गाळून केलेली गणिते होती. व्याख्या त्यानंतर आली. इतकेच नव्हे, तर कॅटेगरीची व्याख्या करावी लागली ती फंक्टरची (एका कॅटेगरीतून दुसरीत नेणाऱ्या, कंपोझिशन जपणाऱ्या नियमाची) व्याख्या करता यावी म्हणून, आणि फंक्टर हवे होते ते नॅचरल ट्रान्सफॉर्मेशनची (एका फंक्टरकडून दुसऱ्याकडे सुसंगतपणे नेणाऱ्या मॅपांची) व्याख्या करता यावी म्हणून. कोर्समध्ये हा क्रम बरोबर उलटा होतो: पहिल्या तासाला कॅटेगरी, तिसऱ्या-चौथ्या तासाला फंक्टर, आणि ज्यासाठी हे सगळे उभारले ते दुसऱ्या आठवड्यात.

त्या १९४५ च्या लेखाच्या सुरुवातीलाच दिलेले उदाहरण तुझ्या लिनिअर अल्जिब्राच्या वहीत आहे, तेव्हा तेच घेऊ. मर्यादित मितीची व्हेक्टर स्पेस आणि तिची ड्युअल स्पेस (तिच्यातल्या व्हेक्टरांना संख्या देणाऱ्या लिनिअर मॅपांची, म्हणजे लिनिअर फंक्शनल्सची स्पेस) यांची मिती सारखी असते, म्हणून त्या आयसोमॉर्फिक असतात, हे तू शिकली आहेस. आता प्रत्यक्ष आयसोमॉर्फिझम लिहून पाहा. दोन मितींच्या स्पेसमध्ये क आणि ख असा बेसिस तू निवडलास आणि त्याच्या ड्युअल बेसिसला क′ आणि ख′ म्हटलेस, तर क ला क′ वर आणि ख ला ख′ वर नेणारा लिनिअर मॅप हा एक आयसोमॉर्फिझम झाला. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने मात्र क आणि क+ख हा बेसिस निवडला. तिचा ड्युअल बेसिस क′−ख′ आणि ख′ असा येतो; चार किमती घालून तो पडताळता येईल. तिच्या मॅपखाली क हा व्हेक्टर क′−ख′ वर जातो, तुझ्या मॅपखाली तोच क′ वर जातो. स्पेस तीच, व्हेक्टर तोच, आणि उत्तरे मात्र दोन, कारण दोघींनी दोन वेगळ्या निवडी केल्या. आता ड्युअलची पुन्हा ड्युअल घे. मूळ स्पेसमधल्या व या व्हेक्टरला असा नियम जोड की तो प्रत्येक लिनिअर फंक्शनल फ साठी फ(व) ही संख्या देतो. इथे बेसिसचे नावही घ्यावे लागले नाही, त्यामुळे तू आणि तुझी मैत्रीण यांच्यात मतभेदाला जागाच उरली नाही. पहिला आयसोमॉर्फिझम निवडीवर अवलंबून, दुसरा निवडीपासून मुक्त, हा फरक गणितज्ञांना पूर्वीपासून जाणवत होता, पण तो काटेकोरपणे मांडण्याचे साधन नव्हते. ते आयलेनबर्ग आणि मॅक्लेन यांनी दिले.

हे उदाहरण वाचताना तुला काहीतरी उलगडल्यासारखे वाटले असेल, तर त्याचे श्रेय कॅटेगरी थिअरीइतकेच तुझ्या लिनिअर अल्जिब्राच्या सत्राला आहे. ड्युअल बेसिस काढताना तुझा हात बसलेला आहे, त्यामुळे कुठे निवड केली आणि कुठे केली नाही हे तुला दिसते. अशी आणखी किती उदाहरणे आज तुझ्याजवळ आहेत, हा माझ्या दृष्टीने या पत्रातला खरा प्रश्न आहे.

गुणाकाराचेच पाहा. संचांचा कार्टेशियन गुणाकार, ग्रुपांचा डायरेक्ट प्रॉडक्ट, व्हेक्टर स्पेसेसचा प्रॉडक्ट हे तुला माहीत आहेत. कॅटेगरी थिअरीत या सर्वांची एकच व्याख्या होते: प्रॉडक्टमध्ये येणारा मॅप देणे म्हणजे प्रत्येक घटकात येणारा एकेक मॅप देणे, बस. आज तू ही व्याख्या वाचलीस तर तुझी प्रतिक्रिया साहजिकच अशी होईल की तिन्ही ठिकाणी जोड्या घेऊन काम भागत होते, मग एवढा खटाटोप कशाला? आणि तिन्ही उदाहरणांपुरते तुझे म्हणणे रास्तच असेल, कारण त्यांपैकी एकाही ठिकाणी चुकीचा पर्याय समोर येत नाही. तो टोपॉलॉजीत येतो.

वास्तव संख्यारेषेच्या अनंत प्रती घेऊन त्यांचा प्रॉडक्ट केला, तर त्यावर ओपन सेट कोणते मानायचे? पहिले सुचणारे उत्तर असे की प्रत्येक प्रतीतून एकेक ओपन सेट घ्यावा आणि त्यांचा प्रॉडक्ट ओपन म्हणावा. याला बॉक्स टोपॉलॉजी म्हणतात. आता त या संख्येला (त, त, त, …) या अनंत क्रमिकेवर नेणारा साधा मॅप घे. त्याचा प्रत्येक घटक म्हणजे त ला त वरच नेणारा मॅप, त्याहून सतत (कंटिन्युअस) काय असणार? पण पहिल्या प्रतीत −१ ते १, दुसऱ्या प्रतीत −१/२ ते १/२, तिसऱ्या प्रतीत −१/३ ते १/३ असे ओपन इंटर्व्हल घेत गेलो, तर त्यांचा प्रॉडक्ट बॉक्स टोपॉलॉजीत ओपन ठरतो, आणि त्यात जाणारी संख्या फक्त शून्य. एकट्या शून्याचा संच वास्तव संख्यारेषेवर ओपन नाही, म्हणून हा मॅप सतत नाही. सगळे घटक सतत आणि मॅप मात्र नाही! हा बिघाड टाळायचा तर मर्यादित संख्येच्या प्रतींवरच बंधन घालता येईल असे ठरवावे लागते, आणि तीच पाठ्यपुस्तकातली प्रॉडक्ट टोपॉलॉजी. पुस्तकात ती अट एखाद्या सरकारी नियमासारखी कारणाविना आलेली वाटते. वर दिलेल्या व्याख्येने पाहिले तर दुसरी कोणतीही टोपॉलॉजी चालणारच नाही, हे कळते. त्याच व्याख्येतले बाण उलटे फिरवले की को-प्रॉडक्ट मिळतो, आणि तो संचांसाठी डिसजॉइंट युनियन, अ‍ॅबेलियन ग्रुपांसाठी डायरेक्ट सम, तर सर्वसाधारण ग्रुपांसाठी फ्री प्रॉडक्ट असा प्रत्येक ठिकाणी वेगळे रूप घेतो. यांतली शेवटची दोन उदाहरणे ज्याने हाताळली आहेत, त्याला ही व्याख्या किती काम करते ते सांगावे लागत नाही.

बॉक्स टोपॉलॉजीचा परिच्छेद तुला दोनदा वाचावा लागला असेल तर त्यात काही वावगे नाही. टोपॉलॉजीच्या सत्रात असे दहा-वीस परिच्छेद तुझ्या हाताखालून जातील. त्याच वेळी कॅटेगरी थिअरीच्या वर्गात मात्र शिक्षक अशी उदाहरणे एका वाक्यात सांगून पुढे जातील, आणि त्यांचेही बरोबरच आहे, कारण तो टोपॉलॉजीचा वर्ग नव्हे. अनोळखी घरच्या लग्नाचा अल्बम पाहताना प्रत्येक फोटोवर आपण मान डोलावतो आणि घरी येईपर्यंत एकही चेहरा आठवत नाही, तसे त्या उदाहरणांचे होते.

तुला हा कोर्स जड जाईल, अशी माझी समजूत असल्याचे तुला वाटेल. माझी भीती नेमकी उलटी आहे. कॅटेगरी थिअरीचा पहिला कोर्स, विशेषतः पहिला अर्धा भाग, एका अर्थाने सोपा आहे. सिद्धता बहुधा चार ओळींच्या असतात. व्याख्या उलगडून लिहिली की पुढची पायरी आपोआप सुचते, कारण त्या ठिकाणी लिहिण्यासारखे दुसरे काही नसतेच. आकृतीतले दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पोचतात हे तपासायचे, की गृहपाठ झाला. हुशार विद्यार्थी अशा रीतीने संपूर्ण सत्र व्यवस्थित पार पाडतात, चांगली ग्रेड मिळवतात, आणि अ‍ॅडजॉइंट फंक्टरचे (उलट दिशांना जाणाऱ्या, परस्परांशी बांधलेल्या दोन फंक्टरांच्या जोडीचे) स्वतःला सुचलेले एक उदाहरण सांग म्हटले की गप्प होतात. लिमिट, को-लिमिट, अ‍ॅडजंक्शन, योनेदा लेमा हे शब्द तोंडात बसलेले असतात. त्यांच्याखाली काय आहे ते रिकामे राहते. रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये असे फसवणे अवघड आहे, कारण तिथे एप्सिलॉन चुकला तर चूक कागदावर दिसते. इथे काही चुकत नाही, आणि त्यामुळे काही कळलेले नाही हेही लक्षात येत नाही. ग्रेड घसरण्याची जी चिंता तू लिहिली आहेस, तिचे उत्तर यातच आले: ग्रेड बहुधा घसरणार नाही, आणि या निर्णयात तिला फार वजन देऊ नकोस.

आता सीनियरांच्या म्हणण्याकडे वळते. अल्जिब्रेक जॉमेट्री आज ज्या भाषेत लिहिली जाते ती फंक्टरांची भाषा आहे, यात शंका नाही. अलेक्झांडर ग्रोथेंडिक यांनी १९५७ साली जपानच्या तोहोकू येथील गणिताच्या नियतकालिकात अ‍ॅबेलियन कॅटेगरींवर जो दीर्घ लेख लिहिला, त्यानंतर त्या क्षेत्राचा चेहराच बदलला, आणि डॅनियल कान यांनी १९५८ मध्ये अ‍ॅडजॉइंट फंक्टरांची कल्पना मांडल्यावर तिची उदाहरणे सगळीकडे दिसू लागली. पण पीएचडीला ज्या वाटेने जायचे तिचा क्रमही पाहा. स्कीम या कल्पनेची पहिली पायरी अशी, की एखाद्या कम्युटेटिव्ह रिंगच्या सर्व प्राइम आयडिअल्सचा संच घ्यायचा आणि त्यावर झारिस्की टोपॉलॉजी बसवायची. दोन बिंदूंना एकमेकांना न छेदणाऱ्या ओपन सेटांत बहुधा ठेवता न येणारी, संख्यारेषेवरच्या सगळ्या सवयी मोडणारी ही टोपॉलॉजी आहे, आणि ज्याने हाउसडॉर्फ अट (बिंदू असे वेगळे करता येण्याची अट) काय असते, ती नसली तर काय काय बिघडते हे आधी नीट शिकलेले नाही, तो इथेच अडखळतो. त्यानंतर लोकलायझेशन, टेन्सर प्रॉडक्ट, शीफ. यांतला प्रत्येक विषय शिकताना युनिव्हर्सल प्रॉपर्टी पुन्हा पुन्हा भेटते, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत विद्यार्थी स्वतःहून विचारू लागतो की या सगळ्यांचे मिळून एकदाच काही करता येणार नाही का. त्या क्षणी कॅटेगरी थिअरीचा कोर्स घ्यावा. तुझ्या सीनियरांनी बहुधा मॉड्यूल्स आणि फंडामेंटल ग्रुप (अवकाशातल्या बंद वाटांचा ग्रुप) शिकून मगच तो घेतला असेल. त्यांना तो अत्यावश्यक वाटला याचे मला नवल वाटत नाही. मेसमध्ये जेवताना फंक्टर-फंक्टर ऐकून आपण मागे पडलो असे वाटणे मात्र मनावर घेऊ नकोस. या विषयाला खुद्द गणितज्ञांनीच लाडाने ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नॉनसेन्स’ म्हटले आहे, आणि तो लाड परवडतो तो खालची उदाहरणे जवळ असणाऱ्यांना.

तुझ्या जागी दुसरी कोणी असती तर उत्तर वेगळे दिले असते का? हो. मॉड्यूल्सचे एक सत्र झालेले असते आणि डिस्कवरून त्याच्या कडेवर, म्हणजे वर्तुळावर, रिट्रॅक्शन (कडेचे बिंदू जागचे न हलवणारा सतत मॅप) का असू शकत नाही हे फंडामेंटल ग्रुपने सिद्ध केलेले असते, तर मी आजच्या आज नाव नोंदवायला सांगितले असते. त्या सिद्धतेत अवकाशांचा अवघड प्रश्न ग्रुपांच्या एका क्षुल्लक प्रश्नात बदलतो: पूर्णांकांच्या ग्रुपातून निघून क्षुल्लक ग्रुपमार्गे परत पूर्णांकांत येताना सगळे जसेच्या तसे कसे राहील? राहणार नाही, म्हणून तसे रिट्रॅक्शन नाही. फंक्टर म्हणजे काय, हे ज्याला या एका सिद्धतेतून कळले त्याला व्याख्या केवळ पाठ करण्याची वेळ येत नाही. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याचा टाइप थिअरी किंवा लॉजिकचा अभ्यास झालेला असेल, तर त्यालाही मी घे म्हटले असते, कारण त्याच्याजवळ उदाहरणांचा वेगळा साठा असतो.

हॅस्केलविषयी थोडक्यात. तिथला मोनॅड (गणनांच्या पायऱ्या एकापाठोपाठ जोडण्याची रचना) हा शब्द इथूनच गेला आहे. यूजेनियो मोज्जी यांनी १९८९ च्या सुमारास प्रोग्रॅमांचा अर्थ मांडण्यासाठी मोनॅड वापरले आणि नव्वदीच्या सुरुवातीला फिलिप वॉडलर यांनी ते हॅस्केलच्या लोकांपर्यंत नेले. यादीवर एखादे फंक्शन मॅप करताना, दोन फंक्शने एकापाठोपाठ मॅप करणे आणि त्यांचे कंपोझिशन एकदाच मॅप करणे यांचे उत्तर एकच येते, हा फंक्टरचा नियम तू रोज न कळत वापरतेस. पण चांगले हॅस्केल लिहिण्यासाठी या कोर्सची गरज नाही, आणि गणित विभागातला कोर्स हॅस्केलसाठी फार वेळ देईल अशी अपेक्षाही ठेवू नकोस.

प्रवेश परीक्षांचे उत्तर त्याहून थोडक्यात देता येते. जॅम किंवा सीएसआयआर-नेट यांपैकी कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात कॅटेगरी थिअरी नाही. टोपॉलॉजी मात्र नेटमध्ये आहे, आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) किंवा राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पीएचडीसाठीच्या परीक्षांना बसणाऱ्याला ती टाळता येत नाही. मुलाखतीत ‘मी कॅटेगरी थिअरी केली आहे’ असे आपणहून सांगितलेस, तर पुढचा प्रश्न उदाहरणाचाच येईल, आणि मग उदाहरणामागून उदाहरण. बाबांना सांग की हा गणिताच्या शाखांमध्ये ये-जा करण्याचा विषय आहे, त्यातून थेट नोकरी मिळत नाही, पण ज्या संशोधनाकडे तू वळू पाहतेस त्यात तो पुढे लागणारच आहे. बहुतेक बाबांना उपयोगापेक्षा मुलीने विचार करून ठरवले आहे की नाही, हे जाणून घ्यायचे असते.

राहिला तुझा सर्वांत वजनदार मुद्दा: हा कोर्स पुन्हा केव्हा असेल, कोणी सांगत नाही. तो पुन्हा झालाच नाही, तरी तुझे फारसे बिघडणार नाही, असे मी विचारपूर्वक म्हणते. टोपॉलॉजी आणि कम्युटेटिव्ह अल्जिब्रा झालेल्या विद्यार्थ्याला या विषयाचा गाभा एका उन्हाळी सुट्टीत, एखाद्या मित्राबरोबर प्रश्न सोडवत, शिकता येतो. चौथ्या वर्षी एखाद्या शिक्षकाकडे रीडिंग कोर्स म्हणूनही करता येतो. टॉम लेन्स्टर यांचे ‘बेसिक कॅटेगरी थिअरी’ हे केंब्रिजने २०१४ साली छापलेले पुस्तक छोटेखानी आहे, लेखकाने ते आर्काइव्ह (arXiv) या संशोधन-लेखांच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिलेले आहे. एमिली रील यांचे २०१६ चे ‘कॅटेगरी थिअरी इन कॉन्टेक्स्ट’ त्यापुढचे. त्यातली उदाहरणे गणिताच्या सगळ्या शाखांतून येतात, म्हणून ते वर्षभराने जास्त रुचेल. याउलट, टोपॉलॉजी एकट्याने वाचून शिकणे मला नेहमीच अधिक अवघड वाटत आले आहे, कारण तिथे चुकीची चित्रे मनात तयार होतात आणि ती पुसणारे कोणीतरी फळ्याजवळ असावे लागते.

ऑडिट करताना काय करावे, तेही सांगते. तासाला जी व्याख्या होईल ती त्याच संध्याकाळी तुझ्या जुन्या वह्यांत शोध. योनेदा लेमा आला की ग्रुप थिअरीतले केलीचे प्रमेय काढ. ग्रुप म्हणजे एकच ऑब्जेक्ट असलेली कॅटेगरी, आणि त्यातून संचांकडे जाणारा फंक्टर म्हणजे एखाद्या संचावरची त्या ग्रुपची अ‍ॅक्शन, हे आधी स्वतः पडताळून घे. मग ग्रुप स्वतःवर डावीकडून गुणाकाराने क्रिया करतो असे मानून, त्यातून दुसऱ्या कोणत्याही अ‍ॅक्शन असलेल्या संचाकडे जाणारे, अ‍ॅक्शन जपणारे मॅप किती आहेत ते मोज. एकक घटक कुठे जातो ते ठरले की बाकीचे सगळे ठरते, आणि तो कुठेही जाऊ शकतो. म्हणून त्या संचात जितके घटक, तितके मॅप. योनेदा लेमा या ठिकाणी एवढेच म्हणतो. अ‍ॅडजंक्शन आले की वास्तव संख्येचा पूर्णांक भाग आठव: कोणताही पूर्णांक न आणि वास्तव संख्या य घेतली, तर न हा य पेक्षा मोठा नसणे आणि न हा य च्या पूर्णांक भागापेक्षा मोठा नसणे, या दोन्ही गोष्टी एकच आहेत. लहान-मोठेपणाचा क्रम हीच कॅटेगरी मानली, की पूर्णांक भाग काढणे हा पूर्णांकांना वास्तव संख्यांत बसवणाऱ्या फंक्टरचा राइट अ‍ॅडजॉइंट होतो. लेफ्ट अ‍ॅडजॉइंट कोणता, ते तूच शोध. सध्या रिंग्ज चालू असल्यामुळे एक गंमतही करून पाहा: पूर्णांकांच्या रिंगेतून परिमेय संख्यांत जाणारा नेहमीचा मॅप सर्जेक्टिव्ह नाही, तरीही तो एपिमॉर्फिझम आहे. परिमेय संख्यांवरून निघणारे दोन रिंग होमोमॉर्फिझम पूर्णांकांवर जुळले तर ते सगळीकडे जुळतात, हे दाखवलेस की झाले. ज्या आठवड्यापासून वर्गातल्या व्याख्यांना तुझ्या वह्यांत एकही उदाहरण सापडेनासे होईल, त्या आठवड्यात ऑडिट थांबव आणि वही जपून ठेव.

एका परिस्थितीत मात्र मी माझा निर्णय बदलायला तयार आहे. पूर्वअट म्हणून ‘गणिती परिपक्वता’ एवढेच लिहिणे ही पळवाट आहे. त्यातून विद्यार्थ्याला काही कळत नाही. म्हणून शिकवणाऱ्या शिक्षकांना प्रत्यक्ष भेटून विचार की उदाहरणे कुठून येणार आहेत. पहिला महिना-दीड महिना मॉड्यूल्स, टेन्सर प्रॉडक्ट आणि टोपॉलॉजीची ओळख वर्गातच करून देऊन मग त्यावर व्याख्या बसवण्याचा त्यांचा बेत असेल, तर तो कोर्स नावापेक्षा वेगळा आहे, आणि तो घेऊन टोपॉलॉजी पुढच्या वर्षावर टाकण्यात मला अडचण वाटत नाही. पण हे आश्वासन तोंडी न घेता मागच्या खेपेचे प्रॉब्लेम सेट मागून घे. त्यांतल्या दहा प्रश्नांपैकी पाच-सहा ठोस ग्रुपांविषयी, रिंगांविषयी, अवकाशांविषयी असतील तर विचार कर. सगळेच प्रश्न ‘दाखवा की ही आकृती कम्यूट होते’ अशा धर्तीचे असतील तर टोपॉलॉजीच्या नोंदणीत उशीर करू नकोस. ऑडिटच्या अर्जावर त्यांची सही लागेलच, तेव्हा दोन्ही कामे एकाच भेटीत होतील.